अंगावरचे फोड आणि वाकळीचे टाके



आपली-माझी गाठ पडते ती बहुधा बियाणे, खत, कीड किंवा पाणी यांच्या निमित्ताने. आज विषय वेगळा आहे. मी शेतकीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे. पण गावोगाव फिरणाऱ्या विस्तार अधिकाऱ्याला पिकाबरोबर घरातली माणसेही दिसतात. पिकावरचा रोग सांगायचा आणि माणसाच्या रोगाकडे पाठ फिरवायची, हे काही बरे नव्हे. म्हणून जे पाहिले आणि जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो.

जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यात आष्टी गाव आहे. (बीड जिल्ह्यातली तालुक्याची आष्टी ती वेगळी.) काही वर्षांपूर्वी तिथे एका शेतकऱ्याच्या हरभऱ्यात घाटेअळीसाठी कामगंध सापळे लावायला गेलो होतो. काम आटोपून ओसरीवर टेकलो. एरवी चहाची कपबशी हाती देऊन पोराबाळांची चौकशी करणाऱ्या वहिनी त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. चहा पोराने आणला. मी विचारले तेव्हा घरधनी म्हणाले, "काय सांगावं साहेब, तिच्या तोंडात चार महिन्यांपासून फोड हायेत. भाकरी गिळत न्हाई. आता तर अंगावरबी उठायलेत. लई दवा केली."

पहिले दोन महिने सगळ्यांनी उष्णता म्हणून सोडून दिले. तूप लावले, ज्येष्ठमध चघळले, जीवनसत्त्वाच्या गोळ्या झाल्या. मग पाठीवर आणि छातीवर फोड आले, ते फुटून लाल ओल्या जखमा पडल्या. गावात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले देवीचा कोप, कोणी म्हणाले लागट आहे. खुरपणीला बरोबर जाणाऱ्या बाया दुपारी भाकरी सोडताना त्यांच्यापासून लांब बसू लागल्या. शेवटी वहिनींनी आपणहून आपले ताट-तांब्या वेगळे काढले. त्या फोडांपेक्षा ते वेगळे काढलेले ताट माझ्या मनाला जास्त लागले.

मी एवढेच म्हणालो, "दादा, पिकावर चार महिने रोग हटला नसता तर तुम्ही मला दहादा फोन केला असता. माणसासाठी का थांबलात? उद्याच त्वचारोगतज्ज्ञाकडे चला." ते गेले. मोठ्या रुग्णालयात कातडीचा बारीक तुकडा काढून तपासला आणि रोगाचे नाव कळले : पेम्फिगस. नाव अवघड आहे, पण रोग समजायला अवघड नाही.

कातडी म्हणजे वाकळ

आपल्या घरात जुन्या लुगड्यांची वाकळ असते. एकावर एक कापडाचे थर घालायचे आणि सगळीभर बारीक टाके टाकायचे. त्या टाक्यांमुळे सारे थर एकजीव राहतात. आपल्या कातडीचा वरचा थरही असाच असतो. अंगाच्या बहुतेक भागावर तो कागदाइतका पातळ असतो, पण त्यातही पेशींच्या कितीतरी रांगा एकावर एक रचलेल्या असतात. तळाशी नव्या पेशी तयार होतात, हळूहळू वर सरकतात आणि महिना-दीड महिन्यात वरती पोचून मळाबरोबर गळून जातात.

या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या टाक्यांनी. या टाक्यांना शास्त्रात डेस्मोसोम म्हणतात, आणि टाक्यातल्या धाग्याला, म्हणजे एका जातीच्या प्रथिनाला, डेस्मोग्लीन म्हणतात. आपण कुदळ मारतो, भारा उचलतो, कातडी घासते, ताणते, तरी वरचा थर सालीसारखा निघून येत नाही. त्याचे कारण हे टाके.

पेम्फिगसमध्ये नेमके हेच टाके सुटतात. वाकळीचे कापड शाबूत आहे, पण मधले टाके उसवले, तर थर वेगळे होतात आणि मध्ये पोकळी पडते. तसेच इथे पेशी जागच्या जागी असतात, पण एकमेकींचा हात सोडतात. त्या पोकळीत अंगातले पाणी साचते आणि फोड येतो. वरचे आवरण पातळ असल्याने फोड लिबलिबीत असतो आणि कपड्याच्या घर्षणानेही फुटतो. मागे ओली, दुखरी जखम राहते.

पेशींच्या या सुटण्याला डॉक्टर अकँथोलायसिस म्हणतात. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ हाइनरिख आउस्पिट्झ यांनी १८८१ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत अकँथा म्हणजे काटा आणि लायसिस म्हणजे सैल होणे. सूक्ष्मदर्शकाखाली या थरातल्या पेशींना टाक्यांच्या जागी काटे असल्यासारखे दिसतात, म्हणून हे नाव पडले.

कुंपणानेच शेत खाल्ले

आता टाके तोडतो कोण? बाहेरचा जंतू नव्हे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असतात. ते आपल्या अंगाचे राखणदार. पण एखाद्याच्या अंगात या राखणदारांची ओळख चुकते. ते स्वतःच्याच कातडीतल्या डेस्मोग्लीनला शत्रू समजतात, त्याला जाऊन चिकटतात आणि टाके उसवतात. कुंपणानेच शेत खाल्ले, अशातला हा प्रकार.

डेस्मोग्लीनच्या दोन जाती इथे महत्त्वाच्या आहेत. तोंडाच्या आतल्या अस्तरात एक जात जास्त असते, अंगावरच्या कातडीच्या वरच्या भागात दुसरी. राखणदारांनी पहिलीवर हल्ला केला तर रोग तोंडातून सुरू होतो. हा प्रकार आपल्याकडे जास्त दिसतो. हल्ला फक्त दुसरीवर झाला तर तोंड चांगले राहते, पण डोके, चेहरा, छाती आणि पाठ यांवर पापुद्रे आणि खपल्या धरतात.

आपण जनावरे पाळणारी माणसे. तोंडात फोड म्हटले की आपल्याला लाळ्या-खुरकूत आठवते. त्या रोगातही जनावराच्या जिभेच्या आणि खुरांमधल्या कातडीचे थर सुटून फोड येतात. पण त्याचे कारण विषाणू आहे. तो एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात पसरतो, म्हणून आजारी बैल वेगळा बांधायचा आणि लस चुकवायची नाही. पेम्फिगसमध्ये विषाणू नाही, जिवाणू नाही, पसरणारे काहीच नाही. एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर निजल्याने, जखम धुतल्याने तो दुसऱ्याला होत नाही. बैलाला वेगळे बांधणे शहाणपणाचे आहे. पेम्फिगसच्या माणसाला वेगळे काढणे हा निव्वळ अन्याय आहे.

ओळखायचे कसे?

निदान डॉक्टरांनीच करायचे, पण शंका घ्यायला आपल्याला यायला हवी. पुढील खुणा ध्यानात ठेवा.

पहिली खूण तोंडाची. गालाच्या आत, हिरड्यांवर, टाळूला किंवा घशात दुखरे सोलल्यासारखे चट्टे पडतात. साधे तोंड आलेले आठ-पंधरा दिवसांत बरे होते. हे महिना-महिना हटत नाहीत. कित्येकांना अंगावर फोड यायच्या आधी काही महिने फक्त तोंडाचाच त्रास असतो. तिथेच वेळ वाया जातो.

दुसरी खूण फोडांची. चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर सैल, लवकर फुटणारे फोड येतात आणि फुटल्यावर जखम भरायला मागत नाही.

तिसरी खूण घसटीची. फोडाजवळची वरवर चांगली दिसणारी कातडी घासली तरी सरकून निघते. डॉक्टर बोटाने दाबून हीच परीक्षा करतात. घरी मात्र कोणी करून पाहू नये.

हा रोग बहुधा चाळिशीच्या आसपास किंवा पुढे होतो, पण तरुणांतही दिसतो. बायांना होतो, पुरुषांनाही होतो.

फोड म्हटला की तो पेम्फिगसच, असे मात्र नाही. नागीण अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते, आग होते आणि सहसा दोन-तीन आठवड्यांत सुकते. कांजिण्या तापाबरोबर येतात आणि पसरतात. म्हाताऱ्या माणसांत टणक, लवकर न फुटणारे मोठे फोड येतात तो पेम्फिगॉइड नावाचा वेगळा रोग. आणि एखादे औषध घेतल्यावर थोड्या दिवसांत तोंड, डोळे आणि अंग एकदम सोलू लागले तर ती औषधाची भयंकर प्रतिक्रिया असू शकते. तेव्हा ते औषध थांबवून त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

हा रोग दुर्मीळ आहे. केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या पाहणीत दहा लाख लोकांमागे वर्षाला चार ते पाच नवे रुग्ण आढळले. २०११च्या जनगणनेत जालना जिल्ह्याची लोकसंख्या साडेएकोणीस लाखांच्या वर होती. त्रिशूरचेच प्रमाण इथे धरले तर जिल्ह्यात वर्षाला आठ-नऊ माणसे होतील. आकडा लहान आहे, पण त्या आठ-नऊ घरांसाठी तो लहान नाही. आणि दुर्मीळ म्हणूनच तो लवकर ओळखू येत नाही.

पूर्वी काय होते, आता काय आहे

पूर्वी हा रोग झाला की बहुतेक रुग्ण काही वर्षांत दगावत. सोललेल्या कातडीतून अंगातले पाणी आणि प्रथिने झिरपून जात, जखमांतून जंतू रक्तात शिरत, आणि तोंड सोलल्याने अन्न जात नसे. कुंपण मोडलेल्या शेताची जी गत, तीच.

१९५०च्या दशकात स्टिरॉइड जातीची औषधे वापरात आली आणि चित्र पालटले. १९६४ साली अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांनी रुग्णांच्या रक्तात कातडीविरुद्धची प्रतिपिंडे असतात हे दाखवून दिले. राखणदारच चोर आहे हे तेव्हा पक्के झाले.

या कामात आपल्या देशाचाही मोठा वाटा आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला एक नवी पद्धत बसवली. रोज भरमसाट गोळ्या देण्याऐवजी दर चार आठवड्यांनी लागोपाठ तीन दिवस सलाइनमधून स्टिरॉइडची मोठी मात्रा द्यायची आणि जोडीला प्रतिपिंडांचा जोर मोडणारे दुसरे औषध द्यायचे. पिकाला रोज शिंतडण्यापेक्षा पाळीने भरपूर पाणी द्यावे, तसे हे. या पद्धतीला पल्स उपचार म्हणतात. भारतात हजारो रुग्णांना तिचा उपयोग झाला आहे.

अलीकडे रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शन आले आहे. प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या मुळावरच ते घाव घालते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली पेम्फिगससाठी त्याला मंजुरी दिली, आणि आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही ते देतात. ते महाग आहे. कोणते औषध कोणाला, हे वय, मधुमेह, क्षयाचा इतिहास, मूल हवे आहे की नाही, असे सारे पाहून डॉक्टर ठरवतात. त्यांच्यापासून यातले काही लपवू नका. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून काय मिळू शकते ते विचारा.

परतूर भागातल्या मंडळींना जालन्याला किंवा पुढे छत्रपती संभाजीनगरला रेल्वेने जाता येते. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आपण सारे घाटी म्हणून ओळखतोच. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा आणि तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन जा.

हे कशामुळे होते?

"आमच्या हातून काय पाप झालं?" असे वहिनींनी मला विचारले होते. पाप नाही, कोप नाही, करणी नाही. काही माणसांच्या रक्ताच्या घडणीतच या रोगाकडे कल असतो, आणि मग एखादे बाहेरचे निमित्त पुरते.

निमित्त कसले असू शकते याचे एक उदाहरण दूरच्या ब्राझील देशातले आहे. तिथे नदी-ओढ्यांच्या काठी राहणाऱ्या शेतकरी आणि आदिवासी कुटुंबांत खपल्या धरणारा पेम्फिगस बराच आढळे. अंगाची आग आग होते, म्हणून तिथले लोक त्याला रानातला वणवा अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. ओढ्याकाठच्या चावऱ्या काळ्या माश्यांशी त्याचा संबंध असावा, असा संशोधकांचा कयास आहे. माशीच्या लाळेविरुद्ध अंगात तयार झालेली प्रतिपिंडे चुकून कातडीच्या टाक्यांवर उलटत असावीत. तोही रोग माणसाकडून माणसाला लागत नाही.

काही औषधांनीही हा रोग उठू शकतो, म्हणून आधी चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत. भारतासह काही देशांतल्या रुग्णांच्या एका पाहणीत शेतीच्या औषधांशी संपर्क आलेली माणसे जास्त आढळली. त्यावरून फवारणीनेच हा रोग होतो असे सिद्ध होत नाही. पण हातमोजे, तोंडाला फडके, अंगभर कपडे आणि फवारणीनंतर साबणाने अंघोळ, हे मी एरवीही सांगतोच. रुग्णाने तर फवारणीच्या वाऱ्यालाही उभे राहू नये.

घरची शुश्रूषा

औषध डॉक्टरांचे, पण सांभाळणे घरच्यांचे. कपडे सुती, सैल आणि मऊ असावेत. जुने धुवट लुगडे यासाठी उत्तम. अंघोळ कोमट पाण्याने, न घासता. सुटलेली कातडी ओढून काढू नये. मोठा फोड असेल तर त्यातले पाणी काढायचे काम डॉक्टरांवर सोडावे. जखमेवर हळद, चुना, राख, शेण किंवा कसलाही पाला लावू नये. जंतूंना तेवढीच वाट मिळते.

पाल्याचे नाव निघाले म्हणून एक अपवाद सांगतो, तो केळीच्या पानाचा. ओल्या जखमेला कापड चिकटते आणि सोडवताना जीव जातो. केळीचे पान गुळगुळीत आणि थंड असते, ते चिकटत नाही. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भाजलेल्या जखमांसाठी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानांची पट्टी वापरून पाहिली आणि ते निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध केले. स्वस्त, आणि काढताना न दुखणारी. फोडांच्या रुग्णांना केळीच्या पानांवर निजवण्याची रीतही आपल्या देशातल्या रुग्णालयांत आहे. मात्र पान डॉक्टरांना विचारूनच वापरावे. ते स्वच्छ केलेले असावे, आणि ज्या बागेत फवारणी झाली तिथले नसावे.

जेवण मऊ, गार आणि कमी तिखटाचे द्यावे. दुधात किंवा वरणात कुस्करलेली भाकरी, कण्या, पातळ पिठले, अंडे, ताक. जखमांतून प्रथिने जात असतात, म्हणून डाळ, दूध आणि अंडी यांत काटकसर नको. ताप आला, जखमेला वास येऊ लागला किंवा पाणीही गिळेना, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. गोळ्या मनाने बंद करू नका. स्टिरॉइड बरेच दिवस घेतले की शरीर स्वतःचे तसले द्रव्य बनवायचे थांबवते. गोळी एकदम बंद केली तर माणूस गळून पडतो, रक्तदाब उतरतो, प्रसंगी जिवावर बेतते. शिवाय रोग उलटतो. मात्रा डॉक्टरच टप्प्याटप्प्याने उतरवतात. त्याचबरोबर याच गोळ्यांनी साखर, रक्तदाब, हाडे आणि पोट यांवर परिणाम होतो, म्हणून सांगितलेल्या तारखेला तपासणी हवीच. आणि कोणाच्या सांगण्यावरून नाव नसलेल्या पुड्या घेऊ नका. त्यात काय मिसळले आहे ते देणाराच जाणे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आष्टीच्या त्या वहिनींना पाच-सहा महिन्यांत चांगला आराम पडला. तोंड भरून आले, भाकरी जाऊ लागली. तेवढ्यात मृग आला, पेरणीची घाई सुरू झाली. हातात पैसा नव्हता, आणि अंग कोरडे दिसत होते. त्यांनी कोणाला न सांगता गोळ्या थांबवल्या. पंधरा-वीस दिवसांत अंथरुणाला खिळल्या, आणि फोड पहिल्यापेक्षा जोरात उठले. पुन्हा रुग्णालय, पुन्हा पहिल्यापासून. त्या वर्षी निम्मे रान पड राहिले. घरधनी मला म्हणाले, "साहेब, दवाचे पैसे वाचवले अन् वर्ष घालवलं."

त्यानंतर मात्र त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. पेरणी असो, वेचणी असो, त्या दिवशी सकाळच्या गाडीने नवरा-बायको जात. उपचार दोन वर्षांहून अधिक चालला. आता गोळ्या बंद आहेत, तीही डॉक्टरांच्याच सांगण्याने, आणि मधून मधून दाखवायला जाणे चालू आहे.

मागच्या हिवाळ्यात पुन्हा त्यांच्या हरभऱ्यात गेलो होतो. दुपारी बांधावर बाया गोल करून भाकरी खात होत्या. वहिनी मधोमध बसल्या होत्या, आणि शेजारणीने त्यांच्याच भाकरीवरचा ठेचा बोटाने उचलून घेतला. मला हाक मारून म्हणाल्या, "या साहेब, बसा. आज चहा न्हाई, भाकरीच खा."

बंधू-भगिनींनो, आपल्या गावात, भावकीत, शेजारी कोणाचे तोंड महिना उलटून बरे होत नसेल, अंगावर सैल फोड येत असतील, तर दोनच गोष्टी करा. त्याला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवा, आणि तो परत येईल तेव्हा त्याचे ताट आपल्या ताटाशेजारी मांडा.